रात्रीच्या जेवणाची नोंद

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)





या व्यासपीठावरून आजवर राज्यघटनेवर, धम्मक्रांतीवर, आरक्षणावर आणि बाबासाहेबांच्या अर्थशास्त्रीय विचारांवर विद्वानांची व्याख्याने झाली. त्या मानाने आज मी निवडलेला विषय ऐकताना फार किरकोळ वाटेल. आपण रात्री काय जेवतो, आपल्या आया आणि आज्या रात्री काय शिजवीत होत्या, आणि ते कोणी कधी लिहून ठेवले आहे काय, एवढाच माझा विषय आहे. स्वयंपाक हा बायकांचा विषय, तो सभेत कशाला, असे कोणाच्या मनात येत असेल तर त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी बाबासाहेबांच्या ग्रंथांकडे पाहावे. माणसाच्या ताटात काय आहे हा प्रश्न बाबासाहेबांनी कधीही किरकोळ मानला नाही.

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेतला. त्यांचा सिद्धान्त आपणांस ठाऊक आहे. पराभूत टोळ्यांतून फुटलेले, गावाबाहेर वस्ती केलेले लोक बौद्ध होते. ते मृत गाईचे मांस खात राहिले. आणि गाय पवित्र ठरविली गेल्यानंतर त्याच आहारामुळे ते अस्पृश्य ठरविले गेले. हे मांडताना त्यांनी एक सरकारी पुरावा पुढे ठेवला आहे. १९११ च्या जनगणनेच्या वेळी कोणाला पूर्णपणे हिंदू म्हणावे आणि कोणाला म्हणू नये हे ठरविण्यासाठी दहा कसोट्या लावण्यात आल्या होत्या. ब्राह्मण पुरोहित आहे की नाही, देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश आहे की नाही, यांच्याबरोबरच गोमांस खातात काय, हीही त्यांतील एक कसोटी होती.

बंधूभगिनींनो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपण काय खातो याची नोंद यापूर्वी झालेली आहे. ती शासनाने केली, गावाने केली, शेजाऱ्याने केली, शाळेतल्या डब्याने केली. ती नोंद आपल्याला एका रकान्यात बसविण्यासाठी होती. आपली नोंद आपण मात्र केली नाही. ती आता आपण केली पाहिजे, हे सांगण्यासाठी मी आज उभी आहे.

आपल्या ताटाचा इतिहास पाहू लागले की त्यात तीन प्रकारचे अन्न दिसते. पहिले आपल्यावर लादलेले अन्न, दुसरे आपल्याला नाकारलेले अन्न आणि तिसरे आपल्या माणसांनी स्वतःच्या बुद्धीने घडविलेले अन्न. या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे आपल्या मनात एक मोठा गोंधळ माजला आहे. जे घडविलेले आहे त्याचीही आपण लाज बाळगतो, आणि क्वचित जे लादलेले होते त्याचे कौतुक करू लागतो.

लादलेले अन्न कोणते? मेलेल्या जनावराचे मांस आणि दारोदार मागून आणलेली शिळी भाकरी. महारकीच्या वतनात गावाची सारी कामे करावयाची आणि त्याच्या मोबदल्यात बलुते घ्यावयाचे. त्या बलुत्यात सांजच्याला घरोघर जाऊन मागितलेले तुकडे हा ‘हक्क’ म्हणून गणला जाई. ज्याला हक्क म्हटले गेले ती वास्तविक बेडी होती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी ही बेडी तोडण्यास सांगितले. मृत मांस सोडा, फेकलेले उष्टे खाऊ नका, असा त्यांचा स्पष्ट आदेश होता. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात हे वतन कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडले.

महाडच्या परिषदेचे वर्णन करताना आपण चवदार तळ्याचे पाणी सांगतो, ठराव सांगतो, मनुस्मृतीचे दहन सांगतो. ते सांगितलेच पाहिजे. परंतु एक प्रश्न आपण विचारीत नाही. मंडपात ठराव झाला, पुरुष गावी परतले, आणि उद्यापासून मृत मांस आणि मागून आणलेली भाकरी घरात येणार नाही असे ठरले. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चुलीवर काय चढले? पोरे तीच, भूक तीच, मजुरी तीच. फक्त भांड्यात येणारा एक मोठा वाटा बंद झाला. तो निर्णय पेलण्याचे काम कोणी केले? ज्या बाईने त्या रात्री मूठभर कण्यांत चार तांबे पाणी वाढविले आणि तरीही ‘मागायला जाऊ नकोस’ असे नवऱ्याला बजावले, तिने केले. ठरावाची अंमलबजावणी चुलीपुढे झाली. त्या चुलीची नोंद कोठेही नाही.

आता नाकारलेले अन्न. ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातील चकवारा गावची हकिकत दिली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या भाईबंदांना जेवण दिले आणि पंगतीत तूप वाढले. एवढ्या कारणावरून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन पंगतीवर चालून आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना बदडून काढले. तूप त्याच्या पैशाचे होते, पाहुणे त्याचे होते. तरीही गुन्हा ठरला, कारण तूप हे वरच्यांचे अन्न! शिळे खाल्ले तर तुम्ही हलके, आणि तूप खाल्ले तर तुम्ही माजलेले. हा दुहेरी न्याय ज्याला समजला त्याला जातिव्यवस्थेचे निम्मे शास्त्र समजले असे मी म्हणेन.

तिसरे अन्न घडविलेले. याविषयी मला अधिक बोलावयाचे आहे. मराठवाड्यातील येसर घ्या. धान्य आणि मसाले भाजून दळून ठेवावयाचे, आणि घरात भाजी नसेल त्या रात्री उकळत्या पाण्यात मूठभर येसर सोडून भाकरीबरोबर कोरड्यास तयार करावयाचे. विदर्भात पालथ्या मडक्यावर भाजली जाणारी लांब रोटी घ्या. सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबविणे हे कौशल्य आहे, आणि ते नागपूरकडच्या आपल्या बहिणींच्या हातांत आहे. कोकणातील कुळथाची पिठी आणि सुकटीची चटणी घ्या. तांदुळजा, घोळ, पाथरी, चिवळ, कुर्डू, टाकळा ही पाले कोणत्या पावसात, कोणत्या बांधावर उगवतात आणि त्यांतील कोणते पाणी टाकून शिजवावयाचे, हे ज्ञान घ्या. वजडी, मुंडी, पाय, रक्ती यांपैकी काहीही वाया न घालविता प्रत्येकाला वेगळा मसाला आणि वेगळा वेळ देणारी पाककला घ्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, दोरीवर वाळवून, पावसाळ्यासाठी चान्या साठविण्याची दूरदृष्टी घ्या. हे सर्व अज्ञानातून आलेले नाही. ज्यांच्या हाती जमीन नव्हती, दुभते नव्हते, तेल मोजून होते, त्यांनी जे मिळेल त्यातून पोषण आणि चव दोन्ही निर्माण केली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चान्यांचे मांस पुष्कळदा मेलेल्या जनावराचे असे, आणि बाबासाहेबांनी ते सोडावयास सांगितले ते योग्यच होते. आपल्या वाडवडिलांनी ते सोडले याचा मला अभिमान आहे. लादलेले अन्न टाकून दिले, परंतु ते शिजविणाऱ्या हातांचे कौशल्य टाकून देण्याचे कारण नाही. नोंद करणे म्हणजे पुन्हा खाणे नव्हे. तुरुंगातून सुटलेला माणूस तुरुंगाचा वृत्तान्त लिहितो, तो पुन्हा आत जाण्यासाठी लिहीत नाही.

मराठी पाकशास्त्राच्या पुस्तकांत आपले हे ताट आढळते काय? कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि परदेशी निघालेल्या कितीतरी मराठी मुलींच्या सामानात ते आले. ते उपयुक्त पुस्तक आहे. माझ्याही कपाटात आहे. परंतु ‘महाराष्ट्रीय स्वयंपाक’ म्हणून जे जगाला सांगितले गेले त्यात गावकुसाबाहेरची चूल नव्हती. ती प्रथम आली आत्मकथनांतून. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६), ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) ही पुस्तके वाचताना भूक, भाकरी आणि भांडे पानोपानी भेटतात. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींचे संकलन केले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले आणि २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवाद झाला, त्यामुळे आपली येथे वाढलेली मुलेही ते वाचू शकतात. पूर्णब्रह्म म्हणून गौरविलेल्या अन्नाला पाटोळ्यांनी ‘अपूर्ण’ म्हटले, कारण त्या गौरवात आपले ताट धरलेले नव्हते. मार्ग या मंडळींनी दाखविला आहे. त्यावरून चालणे आपले काम आहे.

आपण ज्या देशात राहतो त्या देशाच्या राजधानीत बाबासाहेब शिकले. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि आज तेथे त्यांचे स्मारक आहे. आपल्यापैकी अनेकांनी तेथे जाऊन वंदन केले आहे. त्या विद्यार्थिदशेत बाबासाहेब रात्री काय जेवत हे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. दिवसभर ग्रंथालयात अभ्यास, जेवण तुटपुंजे. रात्री भूक अनावर झाली म्हणजे एका परिचिताने दिलेले पापड भाजून खात आणि पुन्हा वाचावयास बसत. त्या भाजलेल्या पापडांनी आपल्या पिढ्यांना जे शिकविले ते मोठमोठ्या मेजवान्यांनी शिकविले नाही.

पण त्याच रात्री परळच्या चाळीत रमाईंच्या चुलीवर काय होते? त्यांच्या कष्टांची वर्णने आहेत, त्यागाची गाणी आहेत. परंतु आज डाळ होती की नुसते मीठ-भाकरी, मुलांना वाढून त्यांच्यासाठी काय उरले, याची रोजची नोंद कोणी केली नाही. लंडनचे पापड इतिहासात आले, परळची भाकरी आली नाही. दोन्ही एकाच संसाराची, एकाच लढ्याची रात्रीची जेवणे होती. शिकणाऱ्याचे ताट लिहिले जाते आणि शिजविणारीचे लिहिले जात नाही, हा केवळ सवर्णांचा दोष नव्हे, तो आपल्या घरांतही आहे.

नोंद म्हणजे नेमके काय, हे दाखविण्यासाठी दोन आठवडे आपल्यापुढे ठेवते. पहिला आठवडा माझ्या आईचा. १९७२ च्या दुष्काळात ती धाराशिव जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादेतील, भूम तालुक्यातल्या एका खेड्यात होती आणि पाझर तलावाच्या कामावर खडी फोडीत होती. तिला विचारून मी तो लिहून घेतला.

सोमवारी मिलोची भाकरी आणि ठेचा. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिच्या पिठाला विरी नसे. म्हणून आई आधणाचे पाणी घालून पीठ मळी. मंगळवारी हुलग्याचे माडगे. बुधवारी कण्या; ताक मिळाले नाही, म्हणून मिरचीच्या पाण्याबरोबर. गुरुवारी कामावर मिळालेली सुकडी; आपली सुकडी तिने पदरात बांधून घरी आणली आणि मुलांनी खाल्ली. शुक्रवारी विहिरीच्या कडेला उगवलेली घोळ आणि अर्धी अर्धी भाकरी. शनिवार बाजाराचा दिवस, म्हणून मूठभर सुकट आणि दोन कांदे. त्या रात्री मुले लवकर झोपली नाहीत, असे आई म्हणाली. रविवारी येसरचे पातळ कोरड्यास.

मी विचारले, “आणि तू काय जेवलीस?” ती म्हणाली, “सांगितलं की.” मी पुन्हा विचारले, तेव्हा ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “गुरुवारी नाही जेवले. शुक्रवारी भाकरीचा पापुद्रा होता.” पहिल्या उत्तरात तिने घराचे जेवण सांगितले होते, तिचे स्वतःचे जेवण दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय मिळाले नाही. म्हणून माझी आपणांस सूचना आहे की हा प्रश्न नेहमी दोनदा विचारा.

दुसरा आठवडा माझ्या येथील घरचा, गेल्या महिन्यातला. सोमवारी मसुरीची आमटी, भात आणि लोणचे. मंगळवारी मुलीने पास्ता केला आणि त्यात आजीकडून आलेला काळा मसाला घातला. तो चांगला लागला. बुधवारी ज्वारीची भाकरी. येथील गुजराती दुकानात मिळणारे पीठ जुने असते, त्याची विरी गेलेली असते. मी आधणाचे पाणी घालून ते मळले. आईने मिलोशी झुंजताना वापरलेली युक्ती पन्नास वर्षांनी परदेशातील विजेच्या शेगडीवर उपयोगी पडली. गुरुवारी उरलेसुरले. शुक्रवारी यजमानांनी कामावरून येताना फिश अँड चिप्स आणले. शनिवारी सुके बोंबील. त्याआधी घरातले सर्व कोट झोपण्याच्या खोलीत नेऊन दार लावले, कारण सोमवारी त्या कोटांना कचेरीत जावयाचे असते. रविवारी बोकडाच्या पायांचा रस्सा. पाकिस्तानी खाटिकाने ते भाजून, तोडून दिले. आम्ही कोण, कुठले, हे त्याने विचारले नाही.

ही दोन्ही ताटे समोरासमोर ठेवून पाहा. अर्धी भाकरी होती ती पूर्ण झाली, एवढेच त्यात नाही. आईच्या आठवड्यात लाज नव्हती, भूक होती. माझ्या आठवड्यात भूक नाही, पण कोट लपविण्याची खटपट आहे. आपल्या सुबत्तेतील हे नवे दुखणे आहे आणि त्याविषयी आपण आपसांत मोकळेपणाने बोलले पाहिजे.

परदेशात आलो म्हणजे जात मागे राहिली, असे वाटते. परंतु मराठी माणसांच्या घरगुती बैठकीत ‘तुमच्याकडे गोडा मसाला की काळा?’, ‘तुम्ही व्हेज ना?’ असे प्रश्न येतात, तेव्हा विचारणाऱ्याला नेहमीच पाककृती हवी असते असे नाही. आडनाव ओळखू येत नसेल तर ताट विचारले जाते. मग आपल्यातील काहीजण ‘आम्ही शाकाहारीच आहोत’ असे सांगून मोकळे होतात. पंगतीला प्रत्येकाने एकेक पदार्थ आणावयाचा असेल तेव्हा आपल्या घरून पनीर जाते, वजडी जात नाही. मुले हे पाहतात. त्यांना कोणी काही सांगत नाही, तरी घरातले एक जेवण सांगण्यासारखे आणि दुसरे लपविण्यासारखे असते, हे ती शिकतात. आपण त्यांना समतेची गाणी शिकवितो आणि स्वयंपाकघरात न्यूनगंड शिकवितो.

ज्यांच्या देशात आपण राहतो त्या लोकांकडे या बाबतीत पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडचा राष्ट्रीय पदार्थ हॅगिस. मेंढीचे हृदय, यकृत आणि फुप्फुसे बारीक करून, ओट आणि कांदा घालून, पोटाच्या पिशवीत भरून शिजविलेला. दरवर्षी २५ जानेवारीला, रॉबर्ट बर्न्स या कवीच्या जन्मदिनी, तो वाजतगाजत मेजावर आणतात आणि त्याच्यावरची कविता म्हणतात. उत्तर इंग्लंडमधील बरी हे गाव ब्लॅक पुडिंगसाठी प्रसिद्ध आहे, आणि ते रक्तापासून होते. लँकेशायरच्या गिरणगावांत वजडी विकणारी दुकाने असत. हे सगळे मुळात गरिबांचे, कामगारांचे खाणे. तेथे वर्ग होता, पण त्या खाण्यावरून माणसाचा स्पर्श विटाळला नाही. म्हणून कामगाराचे खाणे उद्या साऱ्या देशाचे खाणे होऊ शकले. आपल्या रक्तीला ते भाग्य लाभले नाही याचे कारण तिच्या चवीत नाही, जातीत आहे.

येथे कोणी धम्माचा प्रश्न उपस्थित करील, आणि तो रास्त आहे. पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत होण्याचे आहे. मग मांसाहाराची नोंद बौद्धांनी अभिमानाने करावी काय? बाबासाहेबांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, मद्यपान न करण्याची आहे; मांसाहार वर्ज्य करण्याची नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचे विवेचन करताना त्यांनी तत्त्व आणि नियम यांत, तसेच हिंसेची इच्छा आणि हिंसेची गरज यांत भेद केला आहे. निर्णय प्रत्येकाच्या विवेकावर सोपविला आहे. आपल्यातील अनेक कुटुंबे विचारपूर्वक शाकाहारी झाली आहेत. त्यांच्या ताटाचा आदर राखलाच पाहिजे. पण भीतीपोटी किंवा कोणासारखे दिसावे म्हणून पत्करलेला शाकाहार हे शील नव्हे. आणि ताटावर सक्ती तर कोणाचीच नसावी. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम मात्र मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली रद्द केले. माणूस आपल्या घरात काय खातो या प्रश्नावर न्यायालयात घटनेतील कलमांची चर्चा करावी लागली, यावरूनच रात्रीचे जेवण हा किती मोठा विषय आहे हे ध्यानात यावे.

सहभोजनाने जात मोडेल काय, हाही एक जुना प्रश्न. समतानंद अनंत हरि गद्रे यांच्यासारख्या सुधारकांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडविली. त्यांच्या हेतूविषयी आदर आहे. परंतु केवळ सहभोजनाने जात जाणार नाही, तिच्या मुळाशी असलेल्या धर्मश्रद्धेवर घाव घातला पाहिजे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितले. मंडपातल्या पंगतीत सारे एकत्र बसतात, आणि रात्री घरी गेल्यावर ज्याचे त्याचे ताट वेगळे होते. तोच न्याय आपल्या घरालाही लावावा. समतेचे भाषण करून घरी गेल्यावर जर बाई शेवटी जेवत असेल, ताजी भाकरी पुरुषाला आणि करपलेली तिला जात असेल, तर आपल्या चार भिंतींत अजून एक वतन शिल्लक आहे. आज येथे नोकरी करून आलेली बाई कोट काढण्याआधी भात लावते. मुलग्यांना भाकरी थापावयास शिकवा. तेही धम्मकार्यच आहे.

शेवटी एक प्रत्यक्ष सूचना करते. संस्थेने एक नोंदवही सुरू करावी. प्रत्येक कुटुंबाने आपल्या सात रात्रींचे जेवण तीत लिहावे, आणि घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारून तिच्या तरुणपणीच्या सात रात्री लिहाव्यात. काय शिजले, जिन्नस कोठून आला, कोणी शिजविले, कोणी आधी जेवले, कोणी शेवटी जेवले, एवढ्या पाच प्रश्नांची उत्तरे पुरेत. भाषा घरचीच ठेवावी. कोरड्यासाला ‘ग्रेव्ही’ आणि माडग्याला ‘सूप’ करू नये. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे बोलणे मुलांनी ध्वनिमुद्रित करावे. मुलांनी आपला पिझ्झाही लिहावा; तोही इतिहासच आहे. पुढील स्मरणिकेत त्यातील निवडक पाने छापावीत. जी पिढी १९५६ चा सोहळा पाहून आली ती झपाट्याने विरळ होत आहे. तिच्याबरोबर येसरचे प्रमाण जाईल, पाल्यांची नावे जातील, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर मिळणारे ते उत्तरही जाईल.

तथागतांच्या आयुष्यातील शेवटचे भोजन चुंद नावाच्या लोहाराने दिले होते. त्यानंतर तथागत आजारी पडले. तेव्हा त्यांना चिंता वाटली ती चुंदाची. आपल्या अन्नामुळे असे झाले, असे लोक त्याला म्हणतील आणि तो झुरत राहील. म्हणून त्यांनी आनंदाला निरोप दिला की चुंदाच्या मनातील पश्चात्ताप दूर करावा, आणि संबोधीपूर्वी मिळालेल्या भोजनाइतकेच हे भोजन पुण्यप्रद आहे, असे त्याला सांगावे. ज्याने प्रेमाने शिजविले त्याला आपल्या अन्नाची लाज वाटू नये, याची काळजी तथागतांनी अखेरच्या घटकेला घेतली. अडीच हजार वर्षे ती नोंद टिकली आहे, म्हणून एका लोहाराच्या घरचे जेवण आज आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या आयांना तो निरोप कोणी दिला नाही. तो देणे आपल्या हाती आहे. त्यासाठी मोठा ग्रंथ लिहावयास नको. त्यांच्याजवळ बसून, वही उघडून, काय शिजविले होतेस, एवढे विचारावे. आणि मग पुन्हा एकदा विचारावे.

नमो बुद्धाय. जय भीम.